पाऊस लागायच्या आत वाडीची दवाखाना-यादी : कुणी करायची, कशी करायची?

डोंगरकाठ

वळीव दोनदा झोडपून गेला, रोहिणी नक्षत्र आठवड्यावर आलंय, म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. जुलैत काढला तर ज्यांनी उत्तरं द्यायची तेच रेंजबाहेर असतील.

मी गगनबावडा तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. पण वाडीत चारचाकी आहे ती माझी आणि वाचता येईल असं अक्षरही माझंच. त्यामुळं रात्री कुणाला कळा सुरू झाल्या की दार माझं वाजतं.

डोंगरात सोय नाही म्हणून माणसं दगावतात, असं सर्रास म्हटलं जातं. निम्मं खरं आहे. उपकेंद्र आहे, आशाताई आहेत, १०८ आहे, तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे, शेवटी कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय सीपीआर आहे. अडतं ते यांच्या मधल्या जागेत. अमकीची तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आहे हे आशाताईंना पक्कं माहीत असतं, गाडीवाल्याला नसतं. मांडुकलीत रस्त्यावर पाणी आलंय हे गाडीवाल्याला माहीत असतं, पुण्याच्या कॉल सेंटरात १०८ चा फोन घेणाऱ्याला ते लगेच कळत नाही. आणि सीपीआरमधून घरी सोडलेल्या म्हाताऱ्याच्या गोळ्या बदलल्यात, हे उपकेंद्रातल्या ताईंना कळतं ते तो पुन्हा पडला की.

शहरातल्यांसाठी थोडा खुलासा. २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली, शिरोलीला हायवे बंद झाला, मग सगळ्या महाराष्ट्राला कोल्हापूरचा पूर दिसला. बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. पण आमची कोंडी व्हायला एवढा महापूर लागत नाही. पंचगंगा धोक्याला टेकायच्या आधीच मांडुकली-लोंघेजवळ कोल्हापूरचा रस्ता पाण्याखाली जातो. त्याची बातमी कधी चार ओळींची येते, कधी तीही नाही.

तर यंदा वाडीची एक यादी करायची म्हणतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ज्याला दवाखाना लागणारच आहे त्याचं नाव, त्याला कुठं न्यायचं, कोण नेणार, पुढं कुणाला फोन करायचा. यादीत काय घ्यावं, ती कुणाकडं असावी, हे जाणकारांनी सांगावं. दोष कुणाचा हा वाद इथं नको, त्यासाठी जुना धागा आहे.

पांढरा_रस्सा

गुरुजी, पुराला कारण म्हणतात त्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर बोलायचं की नाही?

डोंगरकाठ

नाही.

उपकेंद्रवाली

भुदरगडमध्ये समुदाय आरोग्य अधिकारी आहे. नाव-गाव विचारू नये.

डोंगरी भागात उपकेंद्र ३ हजार लोकांमागं एक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र २० हजारांमागं एक, असा निकष आहे. सपाटीला ५ हजार आणि ३० हजार. कागदावर आम्ही बरोबर बसतो. फक्त ३ हजार माणसं शिरोळला एका गावच्या चार गल्ल्यांत भेटतात, माझी ती ओढ्यांच्या पलीकडं विखुरलेली आहेत. मधे साकव आहे तोवर तिथं जाता येतं, तो गेला की पुढचं सगळं फोनवर.

यादीत गरोदर बाया तर घ्यालच. ज्यांची तारीख जून ते सप्टेंबरअखेर पडते त्या सगळ्या, आणि त्यातल्या जोखमीच्या वर. हिमोग्लोबिन ७ च्या खाली, बीपी वाढलेलं, आधीचं सिझर, जुळं, बाळ आडवं. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. जूनच्या ९ तारखेला या बायांना काहीही करून खाली आणा. जुलैची ९ तारीख पाऊस ठरवतो.

आता जे हमखास राहून जातं ते सांगते. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. नोंद सासरच्या उपकेंद्रात, माता-बाल संरक्षण कार्ड कधी सासूच्या ट्रंकेत, आणि बाई तिसऱ्याच तालुक्यात आईकडं. तिथल्या आशाला ती आल्याचंच माहीत नसतं. आमच्या रजिस्टरला ती ‘बाहेरगावी’, तिकडच्या रजिस्टरला ती नाहीच. उलट बाजूनं लग्न होऊन गेलेल्या लेकी तुमच्या वाडीत बाळंतपणाला येतात, त्याही तुमच्या यादीत नसतील. वाडीत गाडीतून कोण उतरलं हे आशाच्या आधी शाळेतल्या पोरांना कळतं. गुरुजी, ही खबर तुम्हीच काढू शकता.

फिटचा त्रास असलेले घ्या. गोळी दोन-चार दिवस चुकली की फिट येते, आणि ती नेमकी रस्ता बंद असतानाच. टीबीचे घ्या, कारण सहा महिन्यांच्या उपचारात खंड पडणं वाईट. बीपी-शुगरवाल्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात म्हणून आत्ताच वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लिहून घ्या. ऐनवेळी आम्हाला साठा मागवता येत नाही.

इन्सुलिनवाला एखादाच असतो, पण त्याच्या घरची वीज चार-चार दिवस जाते. मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, आणि बाटली आतल्या मडक्यात कोरडी. वापरात असलेली बाटली तशी महिनाभर टिकते. चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलेली मी पाहिली आहे, म्हणून लिहिते.

आणि डायलिसिस. आठवड्यातून दोन-तीन वेळा ज्याला जावं लागतं त्याच्यासाठी यादी पुरत नाही. त्याला जूनअखेरीस दवाखान्याच्या बाजूच्या पाहुण्यांकडं हलवा. पाहुण्यांशी बोलणं आत्ताच करून ठेवा, रस्त्यावर पाणी आल्यावर नको.

रंकाळा_ते_हिंजवडी

मस्त धागा. मी मूळ राधानगरीचा, सध्या पुण्यात. सोपं अ‍ॅप करून देतो, पैसे नकोत. आशाताई नोंद करतील, गाडीवाल्याला सूचना जाईल, डॉक्टरांना सगळं एका जागी दिसेल. रेंज नसताना माहिती फोनमध्ये राहील, रेंज आली की वर जाईल.

उपकेंद्रवाली

भाऊ, मनापासून सांगतेय, राग मानू नका. आरोग्य सेविकेकडं ‘अनमोल’ अ‍ॅप आहे. लसीकरणाला ‘यू-विन’. टीबीला ‘निक्षय’. बीपी-शुगरला वेगळं. डॉक्टरांशी बोलायला ‘ई-संजीवनी’. शिवाय आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड काढायचं टार्गेट. एकाच बाईचं नाव आम्ही कितीतरी ठिकाणी भरतो आणि यातलं एकही वडापच्या जीपवाल्याला दिसत नाही. तुमचंही त्याला दिसेल, पण भरणार परत आम्हीच.

रंकाळा_ते_हिंजवडी

पटलं. मग मी काय करू?

उपकेंद्रवाली

फॉर्म छापून द्या. ए-फोर, एकच पान, अक्षर मोठं.

गटप्रवर्तक_ताई

अ‍ॅपवाल्या भाऊंच्या निमित्तानं माझंही ऐका. यादी म्हटलं की सगळे आशाकडं बघतात. आशा कामावर आधारित मोबदल्यावर काम करते. संप केले तेव्हा कुठं २०२४ च्या मार्चमध्ये राज्यानं ५ हजारांची वाढ दिली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं. घरी जन्मलेलं असेल तर पहिल्या दिवशीही. हे ती ओढा ओलांडून करते. त्यात ‘ताई, वाडीचं जरा तुम्हीच बघा’ हे वाक्य आम्ही फार ऐकलंय.

आशानं नावं सांगायची, बरोबर आहे. तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. पण गाडी ठरवणं, फोन करणं, डिझेलचे पैसे गोळा करणं आणि पेशंट परत आला की कागद उपकेंद्रात पोचवणं हे दुसऱ्यानं करायचं. पुरुषांनी करायचं, स्पष्टच लिहिते. तालीम आहे, दूध संस्था आहे, गणेश मंडळ आहे. मूर्ती आणायला ट्रॅक्टर ठरतो ना?

वडाप_नंबर_एक

गुरुजी नमस्कार. आमी राधानगरी भागात वडाप मारतो, पंधरा-वीस वर्सं झाली. लिवायची सवय न्हाई, पोरगं टाईप करतंय.

रातच्याला फोन आला की पयला प्रश्न पैशाचा नसतो, लोकांस्नी वाटतं तसा. पयला प्रश्न ह्यो की न्यायचं कुटं? घरातला एकजण म्हनतो पीएचसी, दुसरा म्हनतो तिथं डॉक्टर नसनार, डायरेक कोल्लापूर. जावई फोनवरनं तिसऱ्याच खाजगी दवाखान्याचं नाव सांगतंय. गाडी चालू, बाई आत कन्हतीया, आन बाहेर ह्यांची मीटिंग. अर्धा-पाऊन तास तितंच जातो. तुमच्या यादीत ह्ये आदी लिवा. बाईचं नाव, आन तिला न्यायाचं कुटं, ते डॉक्टरनं सांगितलेलं. घरच्यांची सई घ्या.

दुसरं १०८ चं. गाडी येती, न्हाई असं न्हाई. पन नुसतं वाडीचं नाव सांगून चालत न्हाई, एका नावाच्या वाड्या चार तालुक्यात हाईत. तालुका सांगा, मोटं गाव सांगा, आन डांबरी जितं संपती तितली खून सांगा. मारुतीचं देऊळ, दूध डेअरी, कायबी. आन तितं मानूस उबा करा, बॅटरी घिऊन. वर वाडीपातूर ती गाडी चढत न्हाई. तितवर आमी आनायचं, तितनं त्येनी न्यायचं. फोन त्येंच्या डायवरला करा, दोघंबी एकमेकाला शोधत बसतो नायतर.

डिझेलचं म्हनाल तर आमी आदी मागत न्हाई. पन मागनं देतो म्हनलेलं मागंच ऱ्हातंय, हेबी खरं.

केसपेपर

डिझेलबद्दल आधी. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी येतो. गरीब घरातल्या माणसाच्या तातडीच्या वाहतुकीसाठी तो वापरता येतो. बहुतेक गावांत तो फिनेल आणि सतरंजीवर जातो. मेच्या ग्रामसभेत ठराव घालून घ्या. बाळंतपणाला तर घरापासून दवाखान्यापर्यंत, तिथून पुढच्या दवाखान्यापर्यंत आणि परत घरी, अशी सरकारी गाडी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहे. आरोग्य केंद्राची १०२ त्यासाठीच. ती सुरू आहे की गॅरेजला, आणि चालक कुठं राहतो, हे दोन्ही जूनमध्ये विचारून ठेवा.

मी ग्रामीण रुग्णालयात काम केलेला डॉक्टर. बाळंतपणातल्या मृत्यूंबद्दल आम्हाला तीन विलंब शिकवतात: घरात निर्णय व्हायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार सुरू व्हायला उशीर. पहिल्या उशिराबद्दल वडापवाल्या मामांनी लिहिलंय त्यात मला काही घालायचं नाही. मी तिसऱ्याबद्दल लिहितो, कारण तो पुष्कळदा एका चिठ्ठीमुळं होतो.

पेशंट पुढं पाठवताना चिठ्ठीवर ‘पुढील उपचारार्थ’ एवढंच असतं. आठव्या महिन्यातली बाई, झटके आलेले, बीपी वाढलेलं. आरोग्य केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिलेला आहे, पण किती आणि किती वाजता, ते लिहिलेलं नाही. समोरच्या डॉक्टरनं काय करायचं? पुन्हा दिला तर जास्त होऊन श्वास मंदावायची भीती, न दिला तर परत झटका. मग फोनाफोनी. आरोग्य केंद्राचा फोन लागत नाही, नातेवाईक म्हणतात ‘दोन सुया मारल्या’. ती वेळ बाईची असते.

सापाचंही तसंच. आपल्याकडं नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं आणि ते सरकारी केंद्रात मोफत असतं. पोराला आणि मोठ्या माणसाला मात्रा सारखीच. चिठ्ठीवर हवं ते एवढं: चावल्याची वेळ, दिलेल्या बाटल्या, दिल्याची वेळ, आणि काचेच्या कोरड्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवल्यावर गोठलं की नाही. मण्यार रात्री झोपेत चावते, जागा दुखत नाही, दिसतही नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे पित्त समजून सोडा पाजतात. डोंगरात जमिनीवर झोपणारा माणूस पहाटे असं सांगू लागला तर थेट निघा. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, चालवत आणू नका. साप मारून पिशवीतून आणायचीही गरज नाही, आम्हाला तो ओळखता येतोच असं नाही.

गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणता. मग आरोग्य केंद्रातून निघताना तुम्हीच विचारा, ‘काय दिलं, किती वाजता दिलं?’ आणि लिहून घ्या. कुणी खेकसलं तर खेकसू द्या.

चंदगडी_काजू

आमचं सगळं दिशा बदलून वाचा. चंदगडातून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं, बेळगाव त्याच्या निम्म्यातही नाही. अवघड केस असली की माणूस आपसूक बेळगावची वाट धरतो. तिलारीच्या अंगाची माणसं गोव्यालाही जातात. जिल्ह्याच्या बैठकीत आराखडा सीपीआर धरून होतो, आणि पेशंट घाट धरून दुसऱ्या राज्यात.

उपचाराबद्दल तक्रार नाही, जीव वाचतात. पण परत येताना हातात जो कागद असतो तो आमच्या उपकेंद्राच्या कुठल्याच रजिस्टरशी जुळत नाही. बाळ तिकडं जन्मलं की जन्माची नोंद तिकडं, पहिली लस तिकडं, आणि सहाव्या आठवड्याला पेंटा लशीला ते इकडं येतं तेव्हा बीसीजी झाली की नाही ते दंडावरचा व्रण बघून ठरवायचं.

योजनेचंही आधीच विचारून घ्या. महात्मा फुले योजना संलग्न दवाखान्यातच चालते आणि तीही ठरलेल्या उपचारांना. सीमेपलीकडच्या कुठल्या दवाखान्यात कशाला चालते हे १५५३८८ वर फोन करून, आजाराचं नाव सांगून विचारा. ‘चालते म्हणे’ यावर निघालेल्यांनी म्हशी विकलेल्या पाहिल्यात.

केसपेपर

त्याला जोडून. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथं, उपचार मोफत आहेत. सीपीआर वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडं. तिथले नियम वेगळे. त्यामुळं ‘सरकारी म्हणजे फुकट’ असं समजून नुसत्या बसभाड्यावर येऊ नका. रेशनकार्ड आणि आधार सोबत आणा, आणि दाखल होताच दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

झोळीवाला

वाचतोय सगळं. चांगलं चाललंय. पण डांबरी संपते तिथं माणूस उभा करा म्हणता, आमची डांबरी संपते तिथून वाडी दीड तास चढावर आहे.

आम्ही गवळी धनगर, वाडा राधानगरीच्या जंगलपट्ट्यात. पेशंट आणायचा म्हणजे घोंगडं बांबूला बांधायचं, पुढं दोघं, मागं दोघं, बदलीला आणखी चौघं. वाड्यात पावसाळ्यात आठ धडधाकट गडी असतील तरच पेशंट खाली येतो. पोरं मुंबईला आणि एमआयडीसीत. तुमच्या यादीत गाडीवाल्याच्या नंबराआधी आम्हाला खांदेकऱ्यांची नावं लागतील. उताराला बाईचं डोकं चढाच्या बाजूला ठेवायचं, मागच्यांनी पाऊल मोजून टाकायचं. पाऊस असला की घोंगडं भिजून जड होतं, म्हणून आता खाली ताडपत्री घालतो. जळवांसाठी तंबाखूचं पाणी. हे कुठल्या फॉर्ममध्ये लिहिणार?

रस्ता मागितला की वनखातं पुढं. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. रस्ता, दवाखाना, शाळा अशा कामांना प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर. आमचा ठराव झाला, अभयारण्याचा प्रश्न आला, फाईल फिरतेय.

अजून एक. आदिवासी भागात ‘माहेरघर’ आहे. तारखेच्या आधी बाईनं आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं, सोबत एक नातेवाईक, जेवणाची सोय. आम्हाला नेमकं तेच हवंय. पण आम्ही भटक्या जमातीत, आणि कोल्हापूर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. चढ तोच, पाऊस जास्त, पण योजनेच्या नकाशात आम्ही नाही.

डोंगरकाठ

झोळीवाले दादा, खांदेकऱ्यांची नावं फॉर्मवर पहिल्या ओळीत घेतो. रस्त्याचं माझ्या हातात काही नाही, खोटा धीर देत नाही.

माहेरघराचं मात्र बघू. योजना नसेल तर नसेल, आरोग्य केंद्राच्या गावात एखादी खोली मिळते का? जुलै-ऑगस्टपुरती. आमच्याकडं शाळेच्या जुन्या वर्गाची खोली पडून आहे.

उपकेंद्रवाली

खोली मिळेल. बाई राहणार नाही. घरी दोन म्हशी, लहान पोर, सासूचे डोळे अधू. ‘ताई, मी महिनाभर तिथं बसले तर धार कोण काढणार?’ हा प्रश्न मला दर पावसाळ्यात येतो आणि माझ्याकडं उत्तर नसतं. एका घरात नणंद येऊन राहिली म्हणून जमलं. तेव्हा खोलीबरोबर घर कोण बघणार तेही लिहायला घ्या. सोबतीला सासू नको, आई किंवा बहीण द्या, त्या बायाच तसं मागतात. शौचालय आतून कडी लागणारं हवं. वर्गखोलीत हे नसलं तर कुणी येणार नाही.

झोळीवाला

म्हशींचं खरं आहे. आमच्या वाड्यात भावकीनं वाटून घेतल्या होत्या एकदा. होऊ शकतं.

बिंदू_चौक

मधेच एक शंका. ही यादी लावणार कुठं? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ‘टीबी : अमुक तमुक’ असं लिहिलं की त्या घराशी सोयरीक संपली. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा कायदाच आहे, संमतीशिवाय उघड करता येत नाही. चांगलं करायच्या नादात कुणाची अब्रू काढू नका.

पांढरा_रस्सा

फळ्यावर नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका.

बिंदू_चौक

तो फळ्यापेक्षा वाईट. फळा निदान गावातच राहतो.

गटप्रवर्तक_ताई

बिंदू चौक बरोबर बोलले. आजाराचं नाव यादीत लागतंच कशाला? गाडीवाल्याला हवं ते इतकंच: नाव, घर, कुठं न्यायचं, चालता येतं की उचलून आणायचं. आजार आणि औषध वेगळ्या चिठ्ठीवर, पाकिटात, पेशंटच्याच घरी. प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवायचं. निघताना पाकीट उचलायचं. आमच्या रजिस्टरला सगळं असतंच, ते आमच्याकडंच राहू दे. टीबी-एचआयव्हीची नावं यादीत घालायचीही गरज नाही, त्यांच्या गोळ्यांचं आमचं आम्ही बघतो.

उपकेंद्रवाली

शंभर टक्के. माझ्या वरच्या प्रतिसादात टीबीचे घ्या म्हटलंय ते उपकेंद्राच्या प्रतीपुरतं समजा.

आणि पाकिटात परतीचा कागद हवाच. ‘घरी सोडताना काय बदललं’ एवढ्या एका वाक्याची जागा. मोठ्या दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डाची पानं असतात, सगळी इंग्रजीत, आणि पेशंट ते मला दाखवायला आणतच नाही, कारण त्याला वाटतं काम झालं. मग तो आमच्याकडच्या जुन्या बीपीच्या गोळ्या आणि तिकडच्या नव्या, दोन्ही खातो. चक्कर येऊन बांधावर पडतो. गाडीवाल्या मामांनी परत आणताना उपकेंद्राच्या दारात पाच मिनिटं थांबवलं तरी माझं निम्मं काम होतं.

वडाप_नंबर_एक

थांबवतो की. पन दार उगडं पायजे.

उपकेंद्रवाली

मामा, फोन करून या, उघडते.

सोयाबीन

धागा पावसाळ्याचा आहे, तरी लिहितो. हातकणंगले-शिरोळ पट्ट्यात दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, फडाच्या कडेला खोपी पडतात. तिथल्या बायांचं, पोरांचंही असंच तुटतं. पेंटाचा एक डोस गावाकडं, दुसरा इकडं, तिसऱ्याच्या वेळी कारखाना बंद होऊन टोळी गेलेली. आम्ही सपाटीला, दवाखाना समोर दिसतो, तरी हे असं. तुमचा फॉर्म तयार झाला की द्या. खांदेकऱ्यांच्या जागी मुकादमाचा नंबर घालीन.

रंकाळा_ते_हिंजवडी

फॉर्म केला. एक पान, पुढं यादी, मागं १०८ ला काय सांगायचं ते. वरून क्रम असा: खांदेकरी, डांबरी संपते ती खूण, गाडी एक, गाडी दोन, १०२ चा चालक, उपकेंद्र, आरोग्य केंद्र. मग माणसांचा तक्ता: नाव, घर, तारीख असल्यास तारीख, कुठं न्यायचं, घरच्यांची सही, घर-जनावरं कोण बघणार. आजाराचा रकाना नाही. पाकिटातली चिठ्ठी वेगळी, तिच्यावर ‘काय दिलं, किती, किती वाजता’ आणि खाली ‘घरी सोडताना काय बदललं’. पुण्यात छापून लॅमिनेट करून पाठवतो. किती प्रती?

केसपेपर

चिठ्ठी लॅमिनेट करू नका, लिहायचं कुठं? यादीही नको, नावं बदलतात. साध्या कागदावर छापा आणि प्लास्टिकची पिशवी द्या. पेनाऐवजी पेन्सिल, पावसात शाई पसरते.

डोंगरकाठ

आमच्या केंद्रातल्या शाळांसाठी पन्नास पुरतील, बाकीच्यांनी आपापले आकडे टाका. आमच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत अबंधित निधीचा विषय घातलाय. सरपंच ‘बघू’ म्हणालेत. गटप्रवर्तक ताईंच्या सांगण्यावरून गणेश मंडळाच्या पोरांना बोलावलं होतं. चौघं आले, त्यातल्या दोघांनी फोनचं काम घेतलंय. ९ जूनच्या तपासणीला बाया खाली न्यायला माझी गाडी आणि दूध संस्थेच्या सचिवांची गाडी. तिसरी लागेल.

वडाप_नंबर_एक

९ तारकंला मी येतो. डिझेलचं ग्रामसभेनंतर बघू.

झोळीवाला

आमच्या वाड्याला दोन प्रती. पायथ्याच्या गावात मुक्कामाची एसटी येते, तिच्या कंडक्टरकडं द्या, सकाळी आमचं कुणीतरी घेईल.

वडाप_नंबर_एक

ती मुक्कामी गाडी बंद हाय दादा, पंदरवडा झाला. दुदाच्या गाडीत टाकतो, डेअरीत इचारा.